तीन छत्र्या आणि एक सांधेवाला

वालूरकडच्या एका गावात माझे जुने गुरुजी राहतात. मागच्या वैशाखात त्यांचा फोन आला. "अरे, मोकळा झालास की येऊन जा. तुझ्या त्या वायरींपायी नातवाचा पाय मुरगळलाय."

वायरी माझ्याच होत्या. गुरुजींच्या घरी टीव्हीच्या तीन छत्र्या आहेत. माळवदावर दोन फुटी डीडी फ्री डिशची आणि सहा फुटी पत्र्याची, परसात पाइपावर आठ फुटी जाळीची. खाली टीव्ही एक आणि बॉक्सही एकच. पाच-सहा वर्षांमागं मी तिन्ही वायरी माळवदाच्या एका कोपऱ्यात आणून सोडल्या आणि सांगितलं, आजींना कीर्तन बघायचं असलं की ही पिन जोडा, बातम्या बघायच्या असल्या की ती. त्या दिवशी दुकानात स्विच शिल्लक नव्हता आणि मला शेवटच्या एसटीची घाई होती. तेव्हापासून त्या घरातलं जे कोणी तरणं माणूस असेल ते शिडी लावून वर जायचं, पिन बदलायचं आणि वरून ओरडायचं, "आलं का?" खालून आजी म्हणायच्या, "मुंग्याच दिसतात बाबा."

सेलूत बसस्टँडच्या मागं माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. असल्या मुंग्या घालवण्यात निम्मं आयुष्य गेलं. गुरुजींकडं डायसेक स्विच लावायला मला वीस मिनिटं लागली. त्याआधीच्या कामाला मात्र नऊ दिवस गेले. हे का झालं ते सांगतो, कारण स्विच लावणाऱ्या दहातल्या आठ जणांची गाडी स्विचवर नाही, त्याच्या अलीकडंच अडकते.

स्विच करतो काय

परभणी जंक्शनला तीन बाजूंनी रूळ येतात. एक मनमाडकडून, एक पूर्णा-नांदेडकडून आणि एक परळीकडून. फलाटावर गाडी घ्यायची तर एका वेळी एकच घ्यायची, आणि त्यासाठी सांधा बदलावा लागतो. पूर्वी सांधेवाला दांडा ओढून तो बदलायचा. डायसेक स्विच हा तसला सांधेवाला. तीन किंवा चार एलएनबींच्या (छत्रीसमोर बसवलेलं, सिग्नल पकडणारं डबडं म्हणजे एलएनबी) वायरी एका बाजूनं आत येतात, दुसऱ्या बाजूनं एकच वायर रिसीव्हरकडं जाते. रिसीव्हर सांगेल ती लाइन स्विच जोडतो, बाकीच्या तोडून ठेवतो.

आता रिसीव्हर सांगतो कसा? वेगळी वायर नसते. सगळं त्याच एका केबलमधून चालतं, आणि हे एकदा समजलं की पुढचे निम्मे फॉल्ट आपोआप कळतात. छत्रीकडून खाली येतो तो सिग्नल, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. रिसीव्हरकडून वर जातो तो डीसी करंट, १३ व्होल्ट किंवा १८ व्होल्ट. १३ दिले की एलएनबी व्हर्टिकल वाहिन्या पकडतं, १८ दिले की हॉरिझॉन्टल. त्याच डीसीवर स्वार होऊन तिसरी गोष्ट जाते, २२ किलोहर्ट्झचा बारीक टोन. हा टोन तोडून तोडून सोडला की त्याचा सांगावा बनतो, तारेच्या कट्ट-कडकट्टसारखा. अर्धा मिलिसेकंद टोन आणि एक मिलिसेकंद गप्प म्हणजे एक, याच्या उलट म्हणजे शून्य. असा पूर्ण सांगावा साधारण ५४ मिलिसेकंदांत जातो. पापणी लवायच्या आत सांधा बदललेला असतो.

ही भाषा युरोपातल्या यूटेलसॅट कंपनीनं ठरवली. डायसेक म्हणजे डिजिटल सॅटेलाइट इक्विपमेंट कंट्रोल. आमच्याकडं कुणी डिसेक म्हणतं, कुणी डायसिक, आणि एक शेतकरी दरवेळी "डिझेल स्विच द्या" म्हणतो. काउंटरवर सगळं चालतं.

एक गोष्ट मात्र चालत नाही. केबलवाल्याचा स्प्लिटर उलटा जोडून दोन एलएनबी एका वायरीत घालायची. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हा प्रयोग करून दुकानात येतं. स्प्लिटर निवड करत नाही. दोन्ही एलएनबींचे सिग्नल त्याच ९५० ते २१५० च्या पट्ट्यात एकमेकांवर पडतात आणि रिसीव्हरला दोन कीर्तनकार एकाच माइकवर उभे राहिल्यासारखं ऐकू येतं.

कोणता घ्यायचा

बाजारात पाच-सहा जाती आहेत, पण घरासाठी उत्तर एकच आहे: डायसेक १.०, चार तोंडांचा. छत्र्या दोनच असल्या तरी चारचाच घ्या. दोन तोंडांचा घेतलेला माणूस वर्षा-दीड वर्षात परत येतो. १.१ म्हणून येतो तो आठ किंवा सोळा तोंडांचा, छंदिष्टांसाठी. १.२ ही मोटरवर फिरणाऱ्या छत्रीची भाषा आहे, स्विचचा तिच्याशी संबंध नाही. मात्र बॉक्सच्या मेन्यूत ती शेजारीच असते आणि लोक हमखास तिथं बोट ठेवतात.

२२ के नावाचा साधा स्विचही मिळतो, दोन तोंडांचा, एकावर ० आणि दुसऱ्यावर २२ लिहिलेलं. टोन बंद असला की पहिलं तोंड, चालू असला की दुसरं. स्वस्त आहे आणि आपल्याकडं एका जोडीला छान चालतो. फक्त कोणतं एलएनबी कुठं, हे चुकवायचं नाही. केयू बँडचं, म्हणजे फ्री डिशसारख्या छोट्या छत्रीचं, युनिव्हर्सल एलएनबी स्वतःच २२ के टोनवर वरच्या पट्ट्यात उडी मारतं. म्हणून ते नेहमी ० वर लावायचं. फ्री डिशच्या फ्रिक्वेन्सी ११७०० च्या खाली आहेत, त्यांना टोन लागतच नाही. सी बँडच्या, म्हणजे मोठ्या छत्रीच्या, एलएनबीला टोनशी देणंघेणं नाही, ते २२ वर. उलटं लावलं तर फ्री डिश कायमची गायब होते आणि माणूस छत्री हलवत बसतो.

विकत घेताना बॉक्सही बघून घ्या. सी बँडवरच्या बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतींत आहेत. जुना एमपीईजी-२ चा बॉक्स असेल तर कितीही चांगला स्विच लावा, त्या दिसायच्या नाहीत.

आधी प्रत्येक छत्री एकेकटी चालवा

नऊ दिवस इथं गेले.

गुरुजींकडं गेलो, जेवणं झाली, वर चढलो आणि स्विच लावायच्या आधी एकेक वायर सरळ बॉक्सला जोडून पाहिली. दोन फुटी फ्री डिश ठीक. सहा फुटी, जी ६८.५ अंश पूर्व रेखांशावरच्या इंटेलसॅट २० उपग्रहाकडं आहे, तीही बरी. आठ फुटीचा सिग्नल मात्र पडलेला. ती ८३ अंशांवरच्या जीसॅट-३० कडं होती. क्वालिटी बारा-तेरा टक्के, मधेच शून्य. तसाच स्विच लावला असता तर मी आणि गुरुजी दोघंही स्विचला शिव्या देत बसलो असतो.

कारण वर नव्हतंच, जमिनीत होतं. आठ फुटीचा पाइप परसातल्या काळ्या मातीत गाडलेला. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते, आणि पाइपाला दरवर्षी थोडा थोडा ढकलते. सहा फूट उंच पाइपाचं टोक सव्वा इंच सरकलं की एक अंशाचा कल झाला. दोन फुटी केयू छत्री एवढं सोसते, तिची नजर रुंद असते. आठ फुटी सी बँडची नजर दोन-सव्वादोन अंशांचीच. तिला एक अंश म्हणजे उपग्रह निम्मा निसटला.

पाइप काढला. पुन्हा खणताना नियम एकच, मुरूम लागेपर्यंत थांबायचं नाही. गुरुजींच्या परसात तो साडेचार फुटांवर लागला. पाइपाच्या बुडाशी सळईचा आडवा तुकडा वेल्डिंग करून घेतला, नाहीतर वादळात छत्री पाइपासकट गोल फिरते. खडी-सिमेंट भरलं, दोन बाजूंनी ओळंबा लावून पाइप सरळ धरला. लेव्हलची नळी असेल तर उत्तम, नसेल तर दोरीला बांधलेला नटसुद्धा खरं बोलतो. मग आठवडाभर पाणी मारा म्हणून सांगून परत आलो. पाइप उभ्यात सरळ नसेल तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतात, हे मी आठ फुटी छत्री पहिल्यांदा लावली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

सेलूहून दिशा अशा येतात. होकायंत्रावर उत्तर शून्य धरून:

९३.५ अंश, जीसॅट-१५, फ्री डिश: दिशा १३७, उंची ६०.
८३ अंश, जीसॅट-३०: दिशा १६१, उंची ६६.
६८.५ अंश, इंटेलसॅट २०: दिशा २०३, उंची ६५.

परभणी, मानवत, जिंतूर, पाथरीला एखाद्या अंशाचाच फरक पडेल. लातूर किंवा नांदेडला लावत असाल तर तिथल्या अक्षांश-रेखांशावरून मोबाइलवर काढून घ्या. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जाणवण्याइतका फरक नाही. फक्त ते पाइपाला चिकटवून धरू नका. लोखंडाजवळ ते परभणीला परळी म्हणतं.

दोन फुटी छत्रीची एक गंमत नवख्याला फसवते. उंची ६० अंश म्हणून तो छत्री आभाळाकडं तोंड करून ठेवतो. ही छत्री ऑफसेट असते, एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर असतं. त्यामुळं तिचा चेहरा प्रत्यक्षात वीस-पंचवीस अंश कमी कललेला दिसतो. पाठीमागच्या पट्टीवरचा आकडा बघा, चेहरा बघू नका. जाळीची मोठी छत्री मात्र जिकडं बघते तिकडंच बघते.

मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडं लक्ष देऊ नका. एलएनबीला करंट मिळाला की छत्रीचं तोंड भिंतीकडं असलं तरी ती पट्टी सत्तर दाखवते. क्वालिटी हलली तर उपग्रह सापडला. फ्री डिशसाठी ११०९० व्हर्टिकल ही फ्रिक्वेन्सी आणि २९५०० हा सिम्बॉल रेट टाकून शोधा. मिळाली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू गोल फिरवून क्वालिटी जास्तीत जास्त करा. आपल्याकडून ९३.५ बराच पूर्वेला आहे, त्यामुळं एलएनबी सरळ उभं ठेवून चालत नाही, चांगलंच तिरकं बसतं.

प्रत्येक छत्रीची शेवटची क्वालिटी वहीत लिहा. गुरुजींची नोंद अशी होती: फ्री डिश ७८, आठ फुटी ७१, सहा फुटी ५८. हा कागद पुढं कामाला येतो.

कुणी विचारेल, सहा फुटी वेगळी कशाला, आठ फुटीवरच दुसरं एलएनबी का नाही? ६८.५ आणि ८३ मध्ये साडेचौदा अंशांचं अंतर आहे, कडेच्या एलएनबीला इतक्या लांबून फारसं काही मिळत नाही. उलट फार जवळही चालत नाही. ६६ आणि ६८.५ एकाच आठ फुटीवर घेऊ म्हणणारे भेटतात. अडीच अंश म्हणजे फोकसपाशी जेमतेम चार सेंटिमीटर, आणि सी बँडच्या एलएनबीचं तोंडच त्याहून जाड. दोन म्हशी एका दावणीला बांधता येतात, एका खुंटीला नाही.

पिन मारणं

याला मी जास्त वेळ देतो, कारण पैसे इथंच वाया जातात.

आरजी-६ केबल घ्या, आतली तार शक्यतो पूर्ण तांब्याची. स्वस्त केबलमध्ये आत लोखंड आणि वर तांब्याचा मुलामा असतो. दहा मीटरला चालतं. तीस मीटर झाले की १८ व्होल्ट टोकाला पोहोचेपर्यंत दमतात आणि हॉरिझॉन्टल वाहिन्या जातात. व्हर्टिकल दिसतात आणि हॉरिझॉन्टल दिसत नाहीत, अशी तक्रार आली की मी छत्रीकडं न बघता आधी केबल सोलून बघतो.

वरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, जाळी मागं दुमडा, पांढरा भाग कापून मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. एका केसापायी माझा स्वतःचा बॉक्स गेलाय. दुकानातच, गिऱ्हाइकासमोर, बॉक्स चालू ठेवून पिन लावली, ठिणगीही दिसली नाही, पण त्यानंतर त्यातून करंट निघालाच नाही. तेव्हापासून रिमोटनं बंद करून भागवत नाही, बोर्डावरचं बटण बंद करतो. रिमोटनं झोपवलेल्या काही बॉक्समधून एलएनबीचा करंट चालूच राहतो.

स्विच बसवणं

आता ती वीस मिनिटं.

स्विचवर चार तोंडं एका बाजूला, त्यांवर एलएनबी १ ते ४ असे आकडे. दुसऱ्या बाजूचं एकटं तोंड रिसीव्हरचं. फ्री डिश एकवर, आठ फुटी दोनवर, सहा फुटी तीनवर. एक नंबर मुद्दाम फ्री डिशला दिला. लाइट जाऊन आली की बरेच स्विच पहिल्या तोंडावर उघडतात, आणि आजींचं कीर्तन तिथं आहे.

जागा छत्र्यांजवळ घ्या, टीव्हीजवळ नाही. नाहीतर तीन वायरी खालपर्यंत ओढाव्या लागतील आणि मग स्विचचा उपयोग काय?

तोंडं खाली करून बांधा. प्रत्येक वायर पिनेत शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, पिनेत जाणार नाही. पिनांवर चिकट टेप सगळे मारतात. आपल्या उन्हात तो एका मे महिन्यात वाळून पापडी होतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळतो आणि वर टेप. सिलिकॉन वापरणार असाल तर आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. स्विचवर झाकण म्हणून लोक श्रीखंडाचा डबा उपडा घालतात. तोही वर्षात भुगा होतो. चार इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणि वर एंडकॅप, खालून उघडा. आत हवा खेळते आणि वानरांना ओढायला काही सापडत नाही. वानरांचं सांगू नका, सेलूजवळच्या एका गावात त्यांनी महिन्यात दोन एलएनबी उतरवून दिली, तीही न पाडता.

मेन्यूत काय भरायचं

बॉक्स चालू करा, इन्स्टॉलेशनमध्ये जा. प्रत्येक उपग्रहाचं पान वेगळं असतं.

९३.५ च्या पानावर एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५० आणि १०६००. डायसेक १.० मध्ये पोर्ट १. २२ के ऑटो.

८३ च्या पानावर एलएनबी फ्रिक्वेन्सी ५१५०, डायसेक पोर्ट २, २२ के बंद. ६८.५ ला तेच, पोर्ट ३.

पोर्टचं नाव प्रत्येक बॉक्समध्ये निराळं. कुठं एलएनबी १, कुठं ए-बी-सी-डी, कुठं १/४, २/४. मात्र ए आणि बी एवढे दोनच पर्याय दिसले तर जपून, ते बहुधा टोन बर्स्टचं खातं असतं, वेगळ्या जुन्या दोन तोंडी स्विचसाठी. ते बंदच ठेवा. डायसेक १.१ आणि मोटरही बंद. एका पानाचं काम झालं की सेव्ह करून बाहेर या आणि परत आत जाऊन आकडे राहिलेत का बघा. काही बॉक्स विसरभोळे असतात.

मग वहीतल्या क्वालिटीशी ताडा. स्विचमधून दोन-चार अंक कमी येणारच. गुरुजींकडं ७८ चे ७५ झाले, ७१ चे ६८, ५८ चे ५४. दहापेक्षा जास्त पडले तर ती पिन पुन्हा मारा. मग ब्लाइंड स्कॅन करा, म्हणजे बॉक्सला स्वतःच वाहिन्या शोधू द्या, एकेका उपग्रहाच्या. सी बँडवर पैशाच्या वाहिन्या बऱ्याच, त्यांपुढं डॉलरची खूण येते. त्या वगळून फक्त मोफतच्या साठवा. त्या फुकट दाखवतो म्हणून इंटरनेटवरून काही जोडून देणारे फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. बेकायदा आहे आणि महिन्यात बंदही पडतं.

फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, नवं वर्ष १ एप्रिलपासून धरतात. त्यामुळं एप्रिल लागला की "छत्री हलली" म्हणून माझ्याकडं रांग लागते. छत्री हललेली नसते. पुन्हा स्कॅन करा.

बिघाड शोधताना

तिन्ही छत्र्या एकदम गेल्या तर छत्र्यांकडं जाऊच नका. खालची एकच वायर, तिच्या दोन पिना किंवा मेन्यूत बंद झालेला एलएनबी पॉवर. खालच्या वायरीचं वरचं टोक सोडवून मल्टीमीटर लावा. व्हर्टिकल वाहिनीवर १३ च्या आसपास, हॉरिझॉन्टलवर १८ च्या आसपास यायला पाहिजे. येत असेल तर स्विच बाजूला काढून एका एलएनबीची वायर जोडनळीनं सरळ खालच्या वायरीला जोडा. चित्र आलं तर स्विच गेला. नाही आलं तर स्विच बिचारा निर्दोष आहे.

एकाच छत्रीच्या वाहिन्या गेल्या तर तिची पिन शेजारच्या तोंडावर लावून बघा, मेन्यूतही पोर्ट बदला. आलं तर ते तोंड मेलं.

पोर्ट २ निवडलं तरी फ्री डिशच्याच वाहिन्या स्कॅन होतात, म्हणजे सांधा हललाच नाही. बहुतेक वेळा मेन्यूत डायसेक भरलेलं नसतं किंवा १.१ च्या ओळीत भरलेलं असतं. मी एकदा दोन आणि तीन आकडे उलटे छापलेला स्विचही पाहिला आहे. बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणतात, तसा माल आमच्याकडं येतो कधीकधी.

पहाटे जातं आणि दहाच्या उन्हात परत येतं, तर पिनेत दव किंवा पाणी. लाइट आल्याबरोबर दोन-तीन वाहिन्या काळ्या, पण दुसऱ्या उपग्रहाची वाहिनी लावून परत आलं की ठीक, तर बॉक्स जागा होताना सांगावा हुकला. घाबरण्यासारखं काही नाही. मृगाच्या जोरदार सरीत फ्री डिश जाते आणि सी बँड चालू राहतं, हा बिघाडच नाही. केयूच्या बारीक लहरी पावसात विरतात, सी बँडच्या लांब लहरी तग धरतात.

सी बँडचं एक नवं दुखणं आहे. गावात टॉवरवर ५जी आलं आणि चालू छत्री अडखळू लागली. आपल्याकडं ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलाय. जुनी सी बँड एलएनबी ३४०० पासून ऐकतात. दूरच्या उपग्रहाच्या कुजबुजीवर टॉवर ओरडतो. स्विच बदलून उपयोग नाही, ३७०० ते ४२०० वालंच एलएनबी घ्या.

आणि दोन खोल्यांत दोन बॉक्स लावायचे असतील तर हा स्विच त्या कामाचा नाही. दोन फलाटांना दोन सांधेवाले लागतात. त्याला मल्टिस्विच आणि वेगळी एलएनबी, तो हिशोब दुकानात बसून करू.

आभाळ भरून आलं की बॉक्सची पिन काढून बाजूला ठेवायची सवय लावा. कडकडाट सुरू व्हायच्या आधी, सुरू झाल्यावर नाही. मराठवाड्यात अवकाळीत वीज कुठं पडेल सांगता येत नाही. आठ फुटीच्या पाइपाला जाड तार जोडून ओल्या जागी अर्थिंगही गाडा. गुरुजींकडं ते हौदाच्या शेजारी केलं.

सगळं झाल्यावर बॉक्सच्या पाठीवर कागद चिकटवला: १ फ्री डिश, २ आठ फुटी, ३ सहा फुटी, खाली तारीख. चौथ्या तोंडाला रबरी टोपी घातली, कारण उघड्या तोंडात आधी पाणी शिरतं आणि मग कुंभारमाशी मातीचं घर बांधते. गुरुजी टोपीकडं बघून म्हणाले, "हे कशाला रिकामं ठेवलंस?" म्हटलं, १०५.५ वर एशियासॅट आहे, पूर्वेला जरा खाली, तुमच्या चिंचेच्या आड येतो. ते चिंचेकडं बघत राहिले. आतून आजींचा आवाज आला, "झाडाला हात लावायचा नाही."

टोपी अजून तशीच आहे.